पणजीतील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव: झटके थांबले म्हणजे बरे झालो का?

डिचोलीहून पणजीला मी वर्षानुवर्षे चोडण-रायबंदर फेरीबोटीने जात असे. गेल्या वर्षी भर नदीत छाती धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या आणि आता आपण वाचत नाही असे वाटले. तेव्हापासून फेरीबोटीत पाऊल ठेवणेच मी सोडले. ईसीजी निर्दोष आला. डॉक्टरांनी पॅनिक डिसऑर्डरचे, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके पुन्हा पुन्हा येण्याच्या विकाराचे, निदान केले आणि मी पणजीतील एका खाजगी केंद्रात समुपदेशनाची बारा सत्रे घेतली.

या केंद्राचे मला सर्वाधिक मोल वाटते ते तेथील मोजमापासाठी. पॅनिकची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची एक मान्यताप्राप्त प्रश्नावली आहे; प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, एकूण 28, आणि गुण जितके जास्त तितका त्रास अधिक. झटके किती आले आणि ते किती असह्य होते, एवढेच ती विचारत नाही. पुढच्या झटक्याची धास्ती, टाळलेल्या जागा, धाप किंवा धडधड होईल म्हणून टाळलेली कामे, नोकरी आणि माणसांतील वावर यांचाही हिशेब ती मागते. पहिल्या दिवशी माझे गुण 17 होते. चौथ्या सत्रापर्यंत झटके पूर्ण थांबले होते आणि मी बरी झाले असे घरी सांगूनही टाकले होते. पण गुण निघाले 12. कमी झालेले पाचही गुण झटक्यांविषयीच्या दोन प्रश्नांतले होते, उरलेल्या पाच प्रश्नांत तसूभरही फरक नव्हता. फेरीबोट, जिने, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, सगळेच टाळल्यावर झटका येणार तरी कोठून? समुपदेशक ताईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मला रडू आले.

खरे काम तेथून सुरू झाले. बारीक नळीतून श्वास घेणे, जागच्या जागी धावणे, खुर्चीत गरगर फिरणे असे करून ताई तीच धडधड आणि तीच घेरी मुद्दाम आणवत, म्हणजे हृदय जोराने धडधडणे हा हृदयविकाराचा झटका नव्हे हे शरीरालाच कळावे. नवव्या सत्रानंतर मी एकटीने रायबंदर गाठले, तेही पर्समधली पाण्याची बाटली आणि गोळी घरी ठेवून, कारण या आधाराच्या वस्तूही टाळाटाळीतच मोडतात. शेवटच्या सत्रात गुण 4 होते.

दोन उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. प्रश्नावली केवळ इंग्रजीत होती आणि ताईंना ती तोंडी मराठीत समजावावी लागली. दर वेळी शब्द थोडे बदलले तर गुणांची तुलना कशी करायची? दुसरे, उपचार संपल्यावर पुन्हा मोजण्याची काहीच व्यवस्था नव्हती. तीन महिन्यांनी मीच आग्रहाने वेळ मागितली. मधल्या काळात फेरीबोटीत एक झटका येऊन गेला होता, तरी मी परतीच्या प्रवासाला त्याच फेरीबोटीत बसले होते. गुण भरले 5.