31 चे टायर, 43 दात आणि भोसरीतले उस्ताद

नारायण पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर गळ्यात टेप. तरी स्वतःच्या जीपचे टायर माप न घेताच आणले, हे आधीच कबूल करून टाकतो.

जीप महिंद्राची एमएम 540. प्यूजोचं डिझेल इंजिन, चार गिअर. खाली 6.00-16 चे सडपातळ टायर होते, उंची साधारण 29 इंच. गेल्या दिवाळीत ते काढून 31 इंची, साडेदहा रुंदीचे, 15 च्या रिमवर घेतले. टायरवाला म्हणाला, "बिनधास्त बसवा, काही होत नाही." गाडी उभी असताना खरंच काही होत नव्हतं. रुबाबदार दिसायची. पण पहिल्याच रविवारी वेल्ह्याकडून पाबे घाट चढायला घेतला, तर जिथे एरवी दुसऱ्यावर निघायची तिथे पहिला टाकावा लागला. वळणावर हाफ क्लचवर ओढली आणि जळका वास सुटला. मागे बसलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, दमली हो तुमची म्हैस."

एकाने सांगितलं डिझेलचा पंप वाढवा, दुसऱ्याने इंजिनच बदला. तिसऱ्याने भोसरी एमआयडीसीतल्या उस्तादांकडे पाठवलं. दुकानाला पाटी नाही. नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे आणि माणूस एकटा आहे. हाताखाली एक पोरगा, बस.

पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. "मास्तर, जुने टायर टाकून दिले की आहेत?" होते, माळ्यावर. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. मागच्या टायरवर आणि खाली फरशीवर खडूने रेघ मारली, चाक बरोब्बर एक फेरा फिरेपर्यंत गाडी ढकलली, परत रेघ. टेप माझीच. नवा टायर एका फेऱ्यात 2 मीटर 40 सेंटिमीटर चालला, जुना 2 मीटर 24. टायरवर छापलेल्या इंचावर उस्तादांचा विश्वास नाही. गाडीच्या वजनाने टायर बसतो, हवा कमीजास्त असते, त्यामुळे जमिनीवर मोजलेलंच माप खरं, असं त्यांचं म्हणणं. हे मला लगेच पटलं. गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेल्या मापावर मीही कापड कापत नाही.

मग मागच्या एक्सलचं, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आसाचं, कव्हर उघडून दात मोजले. आत दोन दातेरी चाकं: इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन, आणि तो ज्याला फिरवतो तो चाकांकडचा मोठा क्राउन. क्राउनला 39, पिनियनला 8. भागाकार 4.88 (नेमका 4.875). म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला पावणेपाच फेऱ्यांहून थोडं जास्तच फिरावं लागतं. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि धाव कमी. टायर मोठा झाला की ओढ आपोआप घटते. ती परत आणायची तर हा आकडा त्याच पटीत वाढवायचा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशोब झाला: 4.88 गुणिले 2.40, भागिले 2.24. आलं 5.22 च्या आसपास.

5.22 चा सेट आमच्या एक्सलला मिळत नाही. वरचा मिळतो तो 5.38 चा, 43 आणि 8 दातांचा. शर्ट 40 आणि 42 मध्ये मिळतो, 41 मागितला तर शिवून घ्यावा लागतो, तसंच हे. आता खाली राहायचं की वर जायचं? उस्तादांनी उलट विचारलं, "गाडी कुठे जास्त फिरते, घाटात की सातारा रोडला?" घाटात. मग वर.

खिसा इथे फाटला. मी म्हटलं, मागचंच बदलू, फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ओढ, मी वर्षातून कितीदा लावतो? ते म्हणाले, "मग तो लिव्हर काढून घरी शोकेसमध्ये ठेवा." या जीपला फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. पुढे 4.88 आणि मागे 5.38 म्हणजे दहा टक्के फरक. चिखलात टायर घसरून तो फरक पचवतील, कोरड्या रस्त्यावर मात्र काहीतरी पिळवटून तुटणार. म्हणून दोन सेट.

सेट मी नाना पेठेतून आणले. त्यातला एक उस्तादांनी हातात घेतला आणि परत माझ्याच हातात ठेवला. क्राउन आणि पिनियन जोडीने घासून तयार करतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. माझ्या एका जोडीचे नंबर वेगळे होते. दुकानदाराने कुरकुर करत बदलून दिला. तुम्ही घ्याल तेव्हा काउंटरवरच बघा.

आता तक्रार. चार दिवस सांगितले होते, लागले 19. शिवाय गाडी घरी नेताना ॲक्सिलरेटर सोडला की 50-55 ला मागून सनई सुरू. दाबला की बंद. परत नेली. तेव्हा कळलं की पुढचा एक्सल उस्तादांनी स्वतः लावला होता आणि मागचा ते गावाला गेले असताना पोराने, दात कुठे टेकतात ते न तपासता बंद केला होता. मी चिडलो. ते गप्प उभे राहिले, सबबी सांगितल्या नाहीत, आणि माझ्यासमोर सगळं उघडलं.

पुढचे तीन तास मी दुकान विसरलो. तेलात कालवलेला शेंदूर, मारुतीला लावतात तोच, त्यांनी ब्रशने क्राउनच्या पाच-सहा दातांवर लावला. एका हाताने क्राउन अडवून धरत पिनियन दोन्ही बाजूंना फिरवला. पिनियनचा दात जिथे टेकला तिथला शेंदूर पुसला गेला आणि दातावर चकाकता डाग उरला. तो दाताच्या मध्यावर हवा. आमचा पार मुळाशी होता, म्हणजे पिनियन जास्त आत गेलेला. परत पिनियन बाहेर, आतल्या बेअरिंगची वाटी ठोकून काढली आणि तिच्यामागची एक शिम, म्हणजे पातळ चकती, कमी केली. जाडी 0.1 मिलिमीटर, साधारण पोस्टकार्डाहून कमी! परत बसवून क्राउन जरा जवळ सरकवला, डायल गेजवर प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, 0.18 मिलिमीटर. परत शेंदूर. या वेळी डाग मधोमध. पैसे घेतले नाहीत. सनई बंद.

पाबे घाट आता दुसऱ्यावर चढतो, पूर्वीपेक्षा जरा हलकाच. 80 च्या वेगाला चौथ्यावर जुन्या टायरने इंजिन मिनिटाला साधारण 2900 फेरे घ्यायचं, आता 2990 च्या आसपास घेतं. सातारा रोडला कानाला जाणवतं, गाणी लावू नका. मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 58 ला असते. ब्रेकला मात्र याने काही फायदा नाही. जड चाक थांबवायला ड्रमला जास्त जोर लागतो, तेवढं अंतर ठेवूनच चालवतो.

नव्या गाडीवाल्यांनी एवढ्यावर धावत जाऊ नये. सहा गिअर, टर्बो डिझेल आणि 245/75 आर 16 वरून 285/75 आर 16, एवढाच बदल असेल तर टायर पावणेआठ टक्के वाढतो. बऱ्याचदा एक गिअर खाली टाकून भागतं. माझ्याकडे खाली टाकायला गिअरच नव्हता.

दोन सेट, बेअरिंग, सील, तेल आणि मजुरी धरून 41,000 गेले. त्यात टायर नाहीत. पहिले 800 किलोमीटर ओझं न टाकता हळू चालवायला सांगितलं होतं, त्यानंतर दोन्हीकडचं तेल बदललं. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला मऊ राखाडी पीठ चिकटलं होतं, कण एकही नव्हता. उस्तादांनी ते बोटांवर घेऊन चोळलं, मला दाखवलं आणि पँटला पुसलं. ती पँट माझ्याच दुकानातली, त्यांना मजुरीत वळती करून शिवून दिलेली.

काम द्यायचं तर स्वतः समोर उभे राहा आणि शेंदूर बघितल्याशिवाय कव्हर लावू देऊ नका. गुरुवारी बंद असतं. खडू घरून न्या, तिथला आम्ही संपवला.