स्वीडन की डेन्मार्क? स्पीडवेचा सर्वकालीन संघ निवडताना

स्वीडनच्या रायडरांनी स्पीडवेची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींची, १४ वैयक्तिक जगज्जेतेपदं जिंकली आहेत. डेन्मार्कच्या रायडरांनीही १४च. जगज्जेते झालेली माणसं स्वीडनची पाच, डेन्मार्कचीही पाच. सर्वकालीन राष्ट्रीय संघ निवडायला बसलं की घोडं पहिल्यांदा इथेच अडतं. मग कोणी स्वीडनच्या ओव्हे फुंदिनचं नाव घेतं, कोणी डेन्मार्कच्या हान्स निल्सनचं, आणि चर्चा ‘सचिन मोठा की ब्रॅडमन’ या वळणाला लागते. तिथून ती सहसा परत येत नाही.

माझं म्हणणं असं, की देश ठरवण्याआधी सामना ठरवा. दोघांचा, चौघांचा की सातजणांचा? स्पीडवेत हे तिन्ही प्रकार खरोखर खेळले गेले आहेत आणि प्रत्येकात उत्तर वेगळं येतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार रायडर, लंबगोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे, चार फेऱ्या आणि साधारण मिनिटभरात शर्यत संपते. तिला हीट म्हणतात. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर डावा पाय पुढे टाकून मागचं चाक बाहेर घसरवायचं, तोच ब्रेक. पहिल्याला ३ गुण, पुढच्यांना २, १ आणि शेवटच्याला भोपळा. सुरुवातीला रायडरांपुढे ताणलेली टेप वर उडाल्यावर जो पहिल्या वळणावर पुढे असतो त्याने निम्मी हीट मारलेली असते, कारण मागच्यांच्या अंगावर त्याच्या चाकाची माती उडत असते.

आता मोजायचं कशाने? जगज्जेतेपदांची संख्या हे सोपं माप आहे. मीही तेच वापरणार आहे, पण डोळे उघडे ठेवून. १९९४ पर्यंत जगज्जेतेपदाचा निकाल बहुतेक वेळा एका रात्रीत लागायचा: पाच हीट, जास्तीत जास्त १५ गुण, संपलं. १९९५ पासून ग्रां प्री मालिका आली आणि वर्षभराच्या गुणांवर जेता ठरू लागला. एका रात्रीत काहीही होऊ शकतं. पोलंडच्या येझी श्चाकेलला १९७१च्या अंतिम फेरीत एकही गुण मिळाला नव्हता. दोनच वर्षांनी खोझुवच्या तुडुंब भरलेल्या स्टेडियमवर त्याची आणि न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरची गुणांत बरोबरी झाली. निकालासाठी दोघांत जादा शर्यत लावली, तीत मेजर पडला आणि श्चाकेल जगज्जेता झाला. उलट ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने १९३६ साली वेम्बलीवर पाचही हीट जिंकल्या, तरी जगज्जेता झाला त्याचाच देशबंधू लायोनेल व्हॅन प्राग. आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण तेव्हा धरले जात. विल्किन्सनला आपला मुकुट मिळायला १९३८ उजाडावं लागलं. म्हणजे एका रात्रीचं एक जगज्जेतेपद आणि मालिकेतलं एक यांचं वजन सारखं नाही.

दोन्ही पद्धतींत जगज्जेता झालेली माणसं आजवर दोनच, आणि गंमत पाहा, त्यातला एक स्वीडिश आहे, दुसरा डॅनिश. टोनी रिकार्डसन आणि हान्स निल्सन. एका रात्रीची शेवटची अंतिम फेरी १९९४ साली डेन्मार्कमध्ये वॉयन्सला झाली. रिकार्डसन, निल्सन आणि ऑस्ट्रेलियाचा क्रेग बॉइस, तिघांचे १२-१२ गुण. जादा शर्यतीत रिकार्डसन पहिला, निल्सन दुसरा. पुढच्या वर्षी ग्रां प्री सुरू झाली आणि पहिलीच मालिका निल्सनने खिशात घातली. हे दोघे आपापल्या संघात डोळे झाकून घ्यावेत. वाद बाकीच्यांवर.

चौघांचा सामना: इथे डेन्मार्क

जुन्या वर्ल्ड टीम कपची रचना मला सगळ्यात आवडते. चार देश, प्रत्येकाचे चार रायडर आणि एक राखीव. १६ हीट. प्रत्येक हीटमध्ये प्रत्येक देशाचा एकच माणूस, आणि प्रत्येक माणसाला चार हीट. खरी मेख इथे आहे: तुमचा सगळ्यात कच्चा रायडर तुमच्या सर्वोत्तम रायडरइतक्याच वेळा सुरुवातीच्या गेटवर उभा राहतो. त्याला कुठे लपवायची सोय नाही.

स्वीडनचे चौघे मांडू. रिकार्डसन ६ जगज्जेतेपदं, फुंदिन ५, मग आन्दर्स मिखानेक १ आणि पेर योनसॉन १. राखीव ब्योर्न क्नुत्सॉन, तोही एकदा जगज्जेता, १९६५ साली. डेन्मार्कचे चौघे: निल्सन ४, ओले ओल्सन ३, एरिक गुंडरसन ३, निकी पेडरसन ३. राखीव यान ओ. पेडरसन, १९९१चा जगज्जेता. चौघांची बेरीज दोन्हीकडे १३. राखीव धरून पुन्हा १४-१४. बेरीज करणारा माणूस इथे हात टेकतो.

पण बेरजेपेक्षा वाटणी बघा. स्वीडनचे दोन डोंगर आणि त्यामागे दोन टेकड्या. डेन्मार्कचा चौथा माणूससुद्धा तीन वेळचा जगज्जेता. १६ पैकी ज्या आठ हीटमध्ये फुंदिन किंवा रिकार्डसन उतरेल तिथे स्वीडनचं पारडं थोडं जड मानू. थोडंच, कारण समोर निल्सन किंवा गुंडरसन असणार. उरलेल्या आठ हीटमध्ये मात्र डेन्मार्क सरळ वरचढ.

मिखानेकवर हा हिशेब थोडा अन्याय करतो, हे मान्य. त्याने १९७४ची अंतिम फेरी गोथेनबर्गला १५ पैकी १५ गुणांनी जिंकली, आणि त्या काळात समोर मेजर आणि ओल्सन होते. योनसॉनचं तर पुढे काय झालं असतं कोण जाणे. १९९० साली तो जगज्जेता झाला आणि १९९४ साली पोलंडमधल्या अपघाताने त्याला कायमचं चाकाच्या खुर्चीत बसवलं. तोरुनच्या क्लबसाठी तो खेळायचा. तिथलं नवं स्टेडियम ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला त्याचं नाव आहे.

डेन्मार्ककडे आणखी एक गोष्ट आहे जी कागदावरच्या संघांना सहसा नसते: यातले बरेचजण खरोखर एकत्र खेळले आणि जिंकले. १९८३ ते १९८८ सलग सहा वर्षं टीम कप डेन्मार्ककडे होता, आणि त्या संघाचा कणा होते निल्सन आणि गुंडरसन. वैयक्तिक स्पर्धेत हेच दोघे एकमेकांच्या उरावर बसायचे. १९८५ साली ब्रॅडफर्डच्या ओडसल स्टेडियमवर आणि १९८८ साली वॉयन्सला, दोन्ही वेळा बरोबरी होऊन जादा शर्यत लागली आणि दोन्ही वेळा गुंडरसन जिंकला. एकट्या पदांच्या आकड्यावरून निल्सनला सरसकट मोठा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. १९८९च्या टीम कपच्या अंतिम फेरीत, पुन्हा ओडसललाच, पहिल्याच हीटमध्ये झालेल्या अपघाताने गुंडरसनची कारकीर्द संपली नसती, तर ३ हा आकडा तिथेच थांबला असता असं मला वाटत नाही.

निकी पेडरसनबद्दल लोक नाक मुरडतात. तो आडदांड, कुणाच्याही अंगावर गाडी घालणारा. खरं आहे. पण चौघांच्या सामन्यात हीटमध्ये तुमचा दुसरा माणूसच नसतो. बाजूचे तिघेही परके. अशा ठिकाणी निकीसारखा माणूस सोन्यासारखा.

दोघांचा सामना: इथे स्वीडन

तोच निकी जोडीच्या स्पर्धेत डोकेदुखी ठरेल. जोडीत दोघं एकाच हीटमध्ये उतरतात; एकाने पुढे सटकायचं, दुसऱ्याने मागच्यांना रोखत जोडीदाराला वाट द्यायची. इथे खोली लागत नाही, शिखर लागतं. रिकार्डसन आणि फुंदिन मिळून ११ जगज्जेतेपदं. न्यूझीलंडची मेजर आणि बॅरी ब्रिग्ज ही जोडी १० वर. डेन्मार्कची कुठलीही जोडी घ्या, ७ च्या पुढे जात नाही.

फुंदिनचं सातत्य बघून आजही थक्क व्हायला होतं. १९५६ ते १९६५ या दहा वर्षांत जागतिक अंतिम फेरीत तो एकदाही पहिल्या तिघांच्या बाहेर गेला नाही, आणि त्यानंतर १९६७ साली पुन्हा जिंकला. २००१ साली नव्याने सुरू झालेल्या वर्ल्ड कपच्या चषकाला त्याचंच नाव दिलं गेलं. रिकार्डसन त्याच्या अगदी उलट काळातला, ताकदवान इंजिनं आणि झगमगीत स्टेडियमांचा. २००५ साली कार्डिफला पहिल्याच वळणावर तो इतका बाहेर गेला की हवा भरलेल्या कुंपणाला गाडी घासत, वेग जराही न सोडता पुढे निघाला. दोघांच्या गाड्या आणि शैली वेगळ्या, म्हणून जोडी जमेल का, असा आक्षेप येतो. तो कुठल्याही सर्वकालीन जोडीवर येईल, तेव्हा सोडून द्यावा.

न्यूझीलंडचा मोह

तीन माणसं, १२ जगज्जेतेपदं: मेजर ६, ब्रिग्ज ४, रॉनी मूर २. तिघेही ख्राइस्टचर्चच्या मातीत घडलेले. एका शहरातून एवढं निघावं हे खरंच नवल. मेजर १९६८, ६९ आणि ७० असा सलग तीनदा जिंकला, आणि शेवटचं जगज्जेतेपद १९७९ साली, चाळिशीला महिनाभर उरला असताना, त्याच खोझुवला जिथे सहा वर्षांपूर्वी तो पडला होता.

पण चौथा कोण? लॅरी रॉस किंवा मिच शिरा. दोघेही चांगले, १९७९ साली मेजरबरोबर टीम कप जिंकलेले. तरी फुंदिन, निल्सन यांच्या पंगतीत ते लिंबूटिंबूच. चौथ्या माणसाच्या चार हीट म्हणजे संघाच्या पाव हीट, आणि तिथे गुणांना गळती लागणार. तीनजणांची स्पर्धा असती तर मी न्यूझीलंडच म्हटलं असतं.

इथे झेंड्याचाही घोळ आहे. राष्ट्रकुलातले रायडर पूर्वी ग्रेट ब्रिटनकडून टीम कप खेळायचे. १९७१चा जेता ग्रेट ब्रिटन संघ पाहिला तर त्यात मेजर, ब्रिग्ज आणि मूर तिघेही आहेत! तुम्ही झेंडा बघणार असाल तर ग्रेट ब्रिटनचा संघ अजिंक्य होतो आणि खेळच संपतो. म्हणून मी रायडर ज्या देशाचा म्हणून वैयक्तिक स्पर्धेत उतरला तो देश धरतो. जन्मस्थळ तर अजिबात बघू नका: मूरचा जन्म टास्मानियातल्या होबार्टचा, ऑस्ट्रेलियाचा जेसन क्रम्प जन्मला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला, आणि ब्रिटनचा ताय वॉफिन्डन जन्मला इंग्लंडमध्ये पण वाढला ऑस्ट्रेलियात पर्थला.

सातजणांचा सामना: इंग्लंड

ब्रिटिश लीगमध्ये १९६५ पासून संघ सातजणांचे, प्रत्येक हीटमध्ये दोन विरुद्ध दोन. या मापात स्वीडन आणि डेन्मार्क दोघेही पाचव्या नावानंतर चाचपडू लागतात. इंग्लंडकडे मात्र सातच्या सात जगज्जेते आहेत: वॉफिन्डन ३ वेळा, पीटर क्रेव्हन २ वेळा, आणि टॉमी प्राइस, पीटर कॉलिन्स, मायकेल ली, गॅरी हॅव्हलॉक, मार्क लोरम प्रत्येकी एकदा. त्यातला क्रेव्हन मला सर्वांत प्रिय. जेमतेम पाच फुटांचा, गाडीवर तोल असा की बघत राहावं. १९६३ साली एडिंबराला पुढे पडलेल्या रायडरला वाचवताना तो कुंपणावर आदळला आणि त्यातच गेला; वय २९.

ऑस्ट्रेलिया एका पावलाने मागे: व्हॅन प्राग, विल्किन्सन, जॅक यंग, क्रम्प, ख्रिस होल्डर आणि जेसन डॉइल असे सहा जगज्जेते, आणि सातवा ली अ‍ॅडम्स, जो २००७ साली दुसरा आला. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी स्पीडवेतही १९३० पासून होत आल्या आहेत. क्रम्प तीनदा आणि यंग दोनदा जगज्जेता, त्यामुळे वरच्या दोन नावांत ऑस्ट्रेलिया अजिबात कमी नाही. हा सामना अटीतटीचा होईल. तरीही जॅक यंगवर मन जडलेलं असेल तर खुशाल ऑस्ट्रेलिया घ्या, कुणी वेड्यात काढणार नाही.

अमेरिका थोडक्यात: ग्रेग हॅनकॉक ४, ब्रूस पेनहॉल २, आणि जॅक मिल्न, सॅम एर्मोलेन्को, बिली हॅमिल एकेक. पाच नावं उत्तम, पण डेन्मार्कसमोर दुसऱ्या ते चौथ्या जागी थोडी उणी. जर्मनीकडे एगॉन म्युलर, रशियाकडे आर्त्योम लागुता. एकेका माणसावर संघ होत नाही.

पोलंडचं काय, हा प्रश्न येणारच. सध्या जगातली सगळ्यात तगडी लीग त्यांची आणि २००५ ते २०१७ या काळात वर्ल्ड कप त्यांनी आठ वेळा जिंकला. बार्तोश झ्माझलिकने मेजर आणि रिकार्डसनच्या सहा जगज्जेतेपदांशी बरोबरी केली आहे आणि तो अजून खेळतो आहे. दुसरा तोमाश गोलोब, १९९९ साली हाताशी आलेलं जगज्जेतेपद हुकल्यावर २०१० साली, वयाच्या ३९व्या वर्षी जिंकलेला. कुंपणालगतची बाहेरची वाट त्याच्याइतकी कुणी वापरली नाही. तिसरा यारोस्वाव हाम्पेल, दोनदा उपविजेता. चौथ्या जागेसाठी श्चाकेल की झेनोन प्लेख? मी प्लेख घेईन. तो १९७३ला तिसरा आणि १९७९ला दुसरा होता, म्हणजे एका रात्रीचा पाहुणा नव्हता. जोडीच्या सामन्यात झ्माझलिक-गोलोब स्वीडनला घाम फोडतील, विशेषतः ट्रॅक पोलिश असेल तर. चौघांत अजून एक जगज्जेता कमी पडतो.

डेन्मार्कच्या यादीत बदल करायचाच झाला तर फक्त राखीव जागेवर करा. यान ओ. पेडरसनऐवजी टॉमी क्नुडसन असावा, असं म्हणणारे बरेच आहेत. क्नुडसन जास्त वर्षं भरवशाचा होता, पण राखीव माणसाला बसल्या जागेवरून उठून एखादीच हीट मारायची असते, आणि १९९१ साली गोथेनबर्गला यान ओ.ने पाचच्या पाच मारल्या होत्या.