बारा बोअरचा सफाई-संच: पाउचमधलं काय ठेवायचं, काय मोंढ्यातून घ्यायचं

बारा बोअरच्या (छर्र्यांची काडतुसं उडवणाऱ्या) बंदुकीसाठी ऑनलाइन किंवा शस्त्रांच्या दुकानात जो सफाई-संच मिळतो, तो बहुतेक एकाच छापाचा असतो. चेनचा पाउच, त्यात तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा गज, एक पितळी ब्रश, एक लोकरी बोळा, चिंदी अडकवायचं टोक, कापडाचे मूठभर तुकडे आणि बोटभर बाटलीत कसलंतरी तेल. शेतराखणीची परवान्याची दुनळी घरात आहे, वर्षाकाठी दहा-वीस काडतुसं उडतात, एवढ्यासाठी हा संच पुरतो का? अर्धा पुरतो. गज आणि ब्रश कामाचे आहेत. तेल दाराच्या बिजागऱ्यांना घाला. नीट बसणारा पेचकस आणि डमी (दारू नसलेली नकली) काडतुसं या पाउचमध्ये कधीच नसतात, खर्च करायचा तर आधी त्यांच्यावर करा.

गजापासून सुरुवात करू. ॲल्युमिनियम मऊ असतं, धुळीचे कण त्यात रुततात आणि गज पॉलिशपेपरसारखा घासायला लागतो, ही तक्रार रायफलच्या बारीक नळीबाबत खरी आहे. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिमी आणि गज जेमतेम ८ मिमी, त्यामुळे इथे तो भिंतीला फारसा लागत नाही. या गजाचं खरं दुखणं सांध्यात आहे. तिन्ही तुकडे जोडून गज फरशीवर घरंगळवून बघा. मधे उड्या मारत असेल तर आटे तिरके कापलेले आहेत, परत करा. दुसरी अडचण ब्रशच्या आट्याची. अमेरिकी पद्धतीच्या बारा बोअरच्या ब्रशला ५/१६ इंच जाडीचा, इंचाला २७ फेऱ्यांचा आटा असतो, युरोपी मालाचा वेगळा. नुसतं 'बारा बोअरचा ब्रश द्या' म्हणून आणलेला ब्रश दोन फेऱ्या बसतो आणि अडतो. जोर लावला की ॲल्युमिनियमचा आटा गेलाच. बदली ब्रश घ्यायला जाताना गजाचं टोक खिशात न्यावं.

सफाईच्या आधी बंदूक मोडून (बिजागरीवर उघडून) दोन्ही चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ते मागचे भाग, डोळ्यांनी बघायचे, मग बोट घालून चाचपायचे. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग पुढचं लाकूड आणि नळ्या उतरवून, नळ्यांचं तोंड खाली करून जुन्या वर्तमानपत्रावर टेकवायच्या. काम नेहमी चेंबरकडून तोंडाकडे, म्हणजे घाण कळीत (चाप-घोड्याच्या यंत्रणेत) न येता कागदावर पडते. पहिली चिंदी टर्पेंटाइनने ओली करून फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. मग ब्रश प्रत्येक नळीत दहा वेळा. ब्रश तोंडाबाहेर पूर्ण निघाल्यावरच मागे ओढायचा. नळीच्या मधेच दिशा बदलली की तारा उलट्या मुडपतात, ब्रश अडकतो आणि एका हंगामात टकला होतो. त्यानंतर कोरड्या चिंद्या, पांढरी निघेपर्यंत. शेवटी तेलाचा नुसता हात फिरवलेली एक चिंदी.

आता नळी खिडकीकडे धरून बघा. चेंबर संपून नळी अरुंद होते तिथे करडे पट्टे दिसले तर ते शिसं. पुढे उभी धूसर रेघ दिसली तर ती काडतुसातल्या प्लास्टिकच्या वॅडची (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या डबीची). टर्पेंटाइनने काजळी आणि जुनं तेल सुटतं, हे दोन्ही थर मात्र ब्रशच्या मेहनतीनेच जातात. त्यांच्याखाली ओल धरली की गंज आतल्या आत खातो, म्हणून कंटाळा करू नये.

संचात एक मोठी उणीव आहे, तिच्याबद्दल डब्यावर कोणी लिहीत नाही. चेंबर नळीपेक्षा सुमारे २ मिमी रुंद असतो. नळीच्या मापाचा ब्रश चेंबरला घासत नाही, नुसता आतून फिरून येतो. उडालेलं काडतूस बाहेर यायला कुरकुर करतं, त्याचं कारण पुष्कळदा इथेच असतं. चेंबरचा वेगळा ब्रश नसेल तर जुन्या ब्रशभोवती मांजरपाट गुंडाळून घट्ट बसेल एवढा जाड करा आणि हाताने गोल फिरवा.

संचातल्या चिंद्या दोन वेळच्या सफाईत संपतात. पुन्हा विकत घेऊ नका. मोंढ्यात मीटरभर मांजरपाट घ्या, खळ जाण्यासाठी दोनदा धुवा आणि ३ इंचांचे चौकोन कापा. बनियनचं कापड चालतं, पण ते ताणतं आणि टोकावरून घसरतं.

तेलाचा विषय आपल्या भागात जरा सविस्तर बोलायला हवा. घरात करडईचं तेल असतं आणि 'तेल ते तेल' म्हणून तेच कळीला लावलं जातं. करडई हे वाळणारं तेल आहे. हवेत त्याची पापडी धरते, याच गुणामुळे ते रंगातही वापरतात. सहा महिन्यांनी ती कळ उघडली तर आत तपकिरी डिंक सापडतो आणि घोडा अर्धवट पडतो. खोबरेल थंडीत गोठतं, शेंगदाण्याचं तेल खवट चिकट होतं. धातूला खनिज तेलच हवं. शिलाई मशीनचं पातळ तेल साध्या कामाला उत्तम. पाणी हटवणारा स्प्रे पावसात भिजलेली बंदूक कोरडी करायला चांगला, पण त्याचा थर पातळ असतो. त्याच्यावर भरवसा ठेवून बंदूक चार महिने कपाटात ठेवू नये.

आणि प्रमाण. मार्च ते मे, काळ्या रानातली मैद्यासारखी धूळ ओल्या तेलावर बसली की घासायची पेस्ट तयार होते. बिजागरीच्या खिळीला काडीच्या टोकावर राहील एवढं ग्रीस, बाकी सगळीकडे तेल लावून पुसून काढायचं. बोट फिरवल्यावर चकाकी दिसावी, ओल लागू नये.

वाळणारं तेल जिथे शोभतं ती जागा म्हणजे दस्ता. जवसाचं कच्चं तेल, सबंध दस्त्याला आठ-दहा थेंब, तळहाताने ऊब येईपर्यंत चोळायचं आणि रात्रभर ठेवायचं. एक धोका लक्षात ठेवा: या तेलाने भिजलेली चिंदी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. चिंदी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आता पेचकस. हार्डवेअरच्या दुकानातल्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं असतं. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतींची. पाचर खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते, जोर दिला की उसळते आणि स्क्रूचं तोंड कुरतडून ठेवते, शेजारच्या नक्षीवर ओरखडा पडतो तो वेगळा. बंदुकीसाठीच्या बिटचं टोक समांतर घासलेलं असतं. पाव इंची षटकोनी बूड असलेला वीस-तीस बिटचा संच घेतला तर प्रत्यक्षात चार-पाच बिटच लागतात, पण कोणते ते आधी कळत नाही. खाचेच्या लांबीला आणि जाडीला बिट गच्च बसला पाहिजे, हात सोडल्यावर तिरका पडता कामा नये. जुन्या विलायती दुनळ्यांच्या खाचा इतक्या बारीक असतात की संचातला सर्वांत पातळ बिटही आत जात नाही. तो तेलाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी सारखा घासून बसवावा. ग्राइंडरवर धरला आणि टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, तो बिट संपला.

पेचकस हाती आला म्हणून कळ उघडायची नाही. दस्त्याचे आणि पट्ट्याच्या कडीचे सैल स्क्रू कसणं, इथपर्यंत मालकाचं काम. चाप, घोडा, स्प्रिंगा, नळीचं बसणं हे परवानाधारक कारागिराकडे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा तर सरळ गुन्हा आहे.

डमी काडतुसांची जोडी घेताना मधला भाग बघा. घोड्याची पिन काडतुसाच्या बुडावर जिथे आदळते तिथे स्प्रिंगवरचं पितळी बटण किंवा रबर हवं. नुसतं भरीव प्लास्टिक असेल तर शंभरेक वेळात खड्डा पडतो आणि पिन पुन्हा रिकामीच आदळते. घोडे उतरवून बंदूक ठेवायची तर याच डमीवर उतरवा. जुन्या बंदुकीची पिन एकदा तुटली की तिचं माप कुठल्या दुकानात मिळत नाही, करूनच घ्यावी लागते. डमीचा रंग खऱ्या काडतुसापेक्षा वेगळा असावा आणि दोन्ही एका डब्यात ठेवू नयेत.

छर्र्याच्या हवेच्या बंदुकीला (एअरगनला) हा संच उपयोगाचा नाही. ४.५ मिमीच्या नळीत पितळी ब्रश घालायचं कारणही नाही, कारण आत दारूची काजळीच नसते. गवत कापायच्या यंत्राची २ मिमीची नायलॉन दोरी घ्या, एक टोक मेणबत्तीवर वितळवून गोळी करा, त्यामागे २० मिमीची चिंदी टोचा आणि चेंबरकडून ओढून घ्या. तीन-चार चिंद्यांत काम होतं. हात मात्र साबणाने धुवा, निघणारी करडी पूड शिशाची असते.

नळी मोडून भरायच्या बंदुकीचा जोर कमी वाटला तर आधी सांध्यावरचं सील तपासा. रेंजवर, निशाणाकडे तोंड ठेवून, सांध्यालगत टिश्यूपेपरची पट्टी चिकटवा आणि छर्रा सोडा. पट्टी फडफडली की हवा तिथूनच जाते. सील ओ-रिंगचं असेल तर व्हर्नियरने आतला व्यास आणि जाडी मोजा. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे संभाजीनगरात ऑइल सीलच्या दुकानांत अशा रिंगा सुट्ट्या मिळतात, काही रुपयांना. साध्या नायट्राइल रबराची ७० शोअर कडकपणाची चालते. २०० बार दाबाच्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीला ९० शोअर लागते, आणि त्या रायफलीचा एकही स्क्रू सिलिंडरमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय हलवायचा नाही. हवेच्या वाटेत फक्त सिलिकॉन ग्रीस. खनिज तेल तिथे गेलं तर दाबाखाली तापलेल्या हवेत ते पेटतं. स्पर्धेच्या रायफलीच्या सिलिंडरवर छापलेली तारीख बघा, उत्पादक त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात. सेकंडहँड घेताना विक्रेता ही गोष्ट हमखास विसरतो.

ठेवण्याबद्दल थोडक्यात: चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंदूक कायमची ठेवू नका, खोळ ओल धरते. कपाटात सिलिका जेल ठेवा. नारिंगी मणी हिरवे झाले की १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते तेव्हा मात्र वरचा 'लावा आणि पुसा' नियम बाजूला ठेवा. तिथे ती दीड-दोन महिने भिंतीला टेकून उभी असते, कोणी पुसत नाही. नळीत आतून आणि बाहेरून ग्रीसचा सलग पातळ थर द्या, तोंडं बुचाने बंद करू नका, आणि दस्त्यावरचे ओरखडे, नंबर यांचे फोटो काढून पावतीसोबत ठेवा. परत आल्यावर पहिलं काम ते ग्रीस कोरड्या चिंद्यांनी पूर्ण काढणं. नळीत ग्रीसचा गोळा राहिला आणि तशीच बंदूक उडवली तर नळी फुगते.