सीएनजी की पेट्रोल? गाडीतून उतरणाऱ्यांचाही हिशेब धरा

सहा-सात लाखांची, पाच जणांची, आठवडाभर शहरात फिरणारी आणि वर्षातून तीन-चार वेळा गावी जाणारी गाडी. मॉडेल कुठलंही पसंत करा, शेवटी शोरूमच्या टेबलावर एकच प्रश्न उरतो: पेट्रोल घ्यायची की कंपनी फिटेड सीएनजी? बाहेरून किट बसवून घेण्याचा तिसरा मार्ग नव्या गाडीसाठी मी धरतच नाही. आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा, आणि एवढं करूनही इंजिनाच्या वॉरंटीवर पाणी सोडा. जुन्या गाडीला ठीक आहे.

हिशेब पुण्याचा धरतो. पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो. तुमच्या पंपावर आज वेगळा भाव असेल तर तो घालून पुन्हा मांडा, पद्धत तीच. ॲव्हरेजचे कंपनीचे आकडे बाजूला ठेवा. वॅगनआर १.० ला कागदावर पेट्रोलला २४ च्या वर आणि सीएनजीला ३४ दिसतात. पण एसी, सिग्नल आणि संध्याकाळी सातची सिंहगड रोडची गर्दी त्या कागदावर नसते. पेट्रोलला १५ आणि सीएनजीला २२ धरले तर फसगत होत नाही. म्हणजे पेट्रोल किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे, सीएनजी ४ रुपये ९ पैसे. फरक २ रुपये ८४ पैशांचा.

आता खरेदी. त्याच व्हेरियंटची सीएनजी गाडी ऐंशी-नव्वद हजारांनी महाग पडते, नव्वद धरू. यातले थोडे आरटीओच्या करात वाचतात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे. सीएनजीला तो ७ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून ८ झाला. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर ६६ हजार, सहा लाख नव्वद हजारांच्या सीएनजी गाडीवर ५५,२००. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत फरक ७९ हजारांच्या आसपास राहतो आणि तो २८ हजार किलोमीटरला वसूल होतो. सेल्समन इथपर्यंतचं गणित तोंडपाठ सांगतो, आणि ते बरोबरही असतं.

तो जे सांगत नाही ते पुढे आहे. रोख असेल तर प्रश्न नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत हे ७९ हजार कर्जातच जातात. ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता १,६४४ रुपये पडतो आणि व्याजाचेच १९ हजारांवर जातात. महिन्याला ५०० किलोमीटर गाडी चालली तर सीएनजीने वाचवले १,४२०. हप्ता बचतीपेक्षा जास्त! महिन्याला ५८० किलोमीटर चालली तर कुठे बरोबरी होते. म्हणून गाडी किती स्वस्त चालते हे विचारण्याआधी घरातल्या जुन्या गाडीच्या सर्व्हिस बिलांवरचं किलोमीटर रीडिंग काढा, दोन बिलांमधल्या महिन्यांनी भागा. 'आमचं खूप फिरणं होतं' म्हणणाऱ्या घरांत हा आकडा बऱ्याचदा पाचशेच्या आत निघतो.

रोज हिंजवडी किंवा तळेगावला पन्नास किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्याचे मात्र महिन्याला अकराशे होतात. त्याने ही तुलना इथेच थांबवावी आणि सीएनजी घ्यावी. महिन्याला तीन हजारांवर वाचतात. तो पंपावर एकटा जातो, सकाळी सहाला किंवा रात्री अकराला जाऊ शकतो. पंप जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर आणखीच चांगलं.

एकटा हा शब्द मुद्दाम वापरला, कारण माझा तराजू तिथेच कलला.

सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं. टाकीत गॅस २०० बार दाबाने जातो, तेव्हा हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शोरूममध्ये त्याचा उल्लेख होत नाही आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये तो कळत नाही. मागच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आहेत, मधे डब्यांची पिशवी, पलीकडे बाबांच्या मांडीवर नुकतंच झोपलेलं पोर. पंपावरचा मुलगा काचेवर टकटक करतो, 'काका, सगळे उतरा. आजी, तुम्ही पण.' मग पिशवी खाली, आजींची चप्पल सीटखाली गेलेली, पोर जागं होऊन रडतंय आणि बाहेर पाऊस. लोक उतरून छपराखाली उभे राहतात, गॅस तीन-चार मिनिटांत भरतो, सगळे पुन्हा आत. वर्षातून एकदा असतं तर हसून सोडलं असतं. किती वेळा होतं, ते टाकीच्या गणितावर आहे.

साठ लिटरचा सिलिंडर म्हणजे साठ लिटर पाणी मावेल एवढी जागा. त्यात पूर्ण दाबाने आठ किलोच्या आसपास गॅस बसतो, आणि पूर्ण दाब दर वेळी मिळत नाही. पाइपलाइन पोहोचलेल्या पंपावर कॉम्प्रेसर दाब बऱ्यापैकी टिकवतो. जिथे लाइन नाही तिथे ट्रकवर लादलेल्या सिलिंडरांच्या जुडग्यातून गॅस येतो, आणि गाड्या भरत गेल्या तसा त्याचा दाब उतरत जातो. काटा १६०-१७० बारवरच थांबला तर समजा साडेसहा किलो मिळाले. त्यातून हा गॅस सिलिंडरमध्ये कोंबला जाताना तापतो. उन्हाळ्यात भर दुपारी काटा २०० दाखवतो, पण गाडी थंड झाल्यावर डॅशवरची एक कांडी गायब. म्हणून पंपावरचे जुने गिऱ्हाईक भाव विचारत नाहीत, 'प्रेशर किती आहे?' विचारतात. पहाटे आणि ट्रक नुकताच आलेला असताना भरणारा सगळ्यात फायद्यात.

साडेसहा किलोत हायवेला १८० किलोमीटर धरा. पुणे ते कुडाळ साडेतीनशेच्या वर आहे. म्हणजे घरून टाकी फुल्ल करून निघालात तरी वाटेत एकदा, आणि दाब कमी मिळाला तर दोनदा उतरणं आलं. दिवाळीत किंवा गणपतीत निघालात तर त्याआधी रांग. अर्थात पेट्रोलवर टाकता येतं, बटण दिलेलंच आहे, आणि लांबच्या प्रवासात बहुतेक कुटुंबं शेवटी तेच करतात. मग नव्वद हजार कशासाठी मोजले, हा विचार गगनबावड्याच्या घाटात मनात येतोच.

घाटाचंही तसंच. वॅगनआरच्या त्याच १.० इंजिनाची ताकद पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्ती) असते, सीएनजीवर ५७ च्या आसपास. शहरात एकट्याला ते जाणवणार नाही. पाच माणसं, एसी आणि सामान घेऊन चढणीला दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना जाणवतं. घाट सुरू होण्याआधी पेट्रोलवर घ्या, अर्ध्यात गाडी दम टाकायला लागल्यावर नको.

डिकीबद्दल थोडक्यात. एकच मोठा सिलिंडर असेल तर मोठी सुटकेस विसरा. काही गाड्यांत स्टेपनीही डिकीतच उभी असते, पंक्चर झालं की आधी सामान रस्त्यावर मांडायचं. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रॉझला तीस-तीस लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाशी दिले, नंतर ह्युंदाईनेही तसंच केलं. डिकीची अडचण त्याने बऱ्यापैकी सुटते. पंपावर उतरण्याची सुटत नाही.

देखभालीत सीएनजी बदनाम आहे तेवढी वाईट नाही, पण ती हलगर्जीपणा चालवून घेत नाही. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून स्पार्क प्लग लवकर झिजतात. प्लगचा गॅप वाढला की गाडी कमी वेगाला झटके देते, आणि तसंच दामटलं तर इग्निशन कॉइल जाते. प्लग शेदोनशेचे असतात, कॉइल हजारांत. एअर फिल्टर पेट्रोल गाडीपेक्षा लवकर बदला. पंपाच्या कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसबरोबर थोडं थोडं येतं आणि गॅसच्या फिल्टरमध्ये साठतं; ॲव्हरेज एकाएकी पडला तर इंजेक्टरला हात लावण्याआधी तो फिल्टर बघायला सांगा.

सगळ्यात जास्त फसतात ते पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून. 'सीएनजी आहे ना' म्हणत काटा लाल रेघेवर. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं तर हवेतली ओल धरतं. पाव टाकी कायम ठेवा, आठवड्यातून पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा. हेही त्या २ रुपये ८४ पैशांतून वजा करायचं असतं.

दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट लागते. सिलिंडर काढून मान्यताप्राप्त केंद्रात पाण्याच्या दाबाने तपासतात, गाडी एक दिवस अडकते, दोन-तीन हजार जातात. सिलिंडरच्या प्लेटवर तपासणीची मुदत संपलेली दिसली की पंपावर गॅस देत नाहीत.

पेट्रोलच्या बाजूने बोलायला एवढं काही लागतच नाही, हेच तिचं बळ. वापर महिन्याला पाचशे-सहाशे, गाडीत एक तरी म्हातारं माणूस किंवा लहान मूल, आणि गाव घाटापलीकडे, हे तिन्ही असल्यामुळे मी पेट्रोल मॅन्युअल घेतली. वाचलेल्या रकमेने कर्ज कमी केलं. ॲव्हरेजसाठी फार काही करावं लागत नाही: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा हवेचा आकडा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. पंपावरचा हवा भरणारा मुलगा थेट ४० भरून मोकळा होतो, तेव्हा आपला आकडा तोंडाने सांगा. पुनर्विक्रीत सीएनजी पुण्या-मुंबईत बहुधा थोडी वरचढ ठरेल, हे मान्य. पण पंप जवळ नसलेल्या तालुक्याच्या गावात गिऱ्हाईक सिलिंडर बघून मागे सरकतं, असंही दिसतं.

दोन्हीचं कोटेशन मागताना व्हेरियंट एकच आहे ना ते बघा. काही मॉडेलांत सीएनजी ठरावीक व्हेरियंटनाच मिळते, आणि सेल्समन खालच्या पेट्रोलची तुलना मधल्या सीएनजीशी करून 'फरक दीड लाखाचा' किंवा उलट 'फक्त साठ हजारांचा' असं काहीही दाखवू शकतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर सीएनजीत पर्याय मोजकेच आहेत. हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन कोटिंग आणि शोरूमचाच विमा या तीन ओळी दोन्ही कोटेशनांतून खोडायला लावा. विमा बाहेरून घ्यायचा हक्क तुमचा आहे आणि त्यासाठी डिलिव्हरी अडवता येत नाही.

आणि सगळा विचार करून सीएनजीच ठरली, तर डिलिव्हरीच्या दिवशी रंगावरच्या ओरखड्यांबरोबर सिलिंडरच्या प्लेटवरची तारीखही वाचा. तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात, तुमच्या पेढ्यांच्या दिवसापासून नाही.