एअर प्युरिफायर आणि घरात शिरलेला फ्लू

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहून आलेल्या आमच्या दहा वर्षांच्या मुलाला दोन दिवसांनी १०२ अंश ताप भरला आणि तपासणीत इन्फ्लुएंझा ‘ए’, म्हणजे फ्लू, निघाला. डॉक्टरांनी ४८ तासांच्या आत ओसेल्टामिवीर हे फ्लूवरचे औषध सुरू केल्यामुळे त्याच्याबद्दलची काळजी लवकर कमी झाली. खरी काळजी होती ती सासूबाईंची. त्या ७४ वर्षांच्या असून मधुमेही आहेत आणि नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या लहानशा घरात त्यांचा पलंग नातवाच्या खोलीपासून दहा पावलांवर आहे. त्याच संध्याकाळी यजमानांनी बर्डीच्या बाजारातून साडेनऊ हजार रुपयांचा एअर प्युरिफायर आणला. त्या यंत्राबद्दल मी येथे लिहीत आहे. कंपनीचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ९९.९७ टक्के हा आकडा छापलेला आहे. तो खोटा नाही. यंत्रातली हेपा जातीची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे, म्हणजे अडवायला अत्यंत अवघड असलेले कण इतक्या प्रमाणात अडवते, आणि फ्लूचा विषाणू खोकताना-बोलताना उडालेल्या बारीक तुषारांतून तरंगत असल्यामुळे तोही तिच्यात अडकतो. मात्र हा आकडा जी हवा गाळणीतून गेली तिच्यापुरताच आहे. खोलीतली हवा तासाभरात किती वेळा गाळली जाते, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी सीएडीआर, म्हणजे यंत्र दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते पाहावे लागते. आमच्या यंत्राचा सीएडीआर २०० आहे. मुलाची खोली दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच, म्हणजे सुमारे ३४ घनमीटरांची आहे. त्यामुळे तासाला जवळजवळ सहा वेळा हवा गाळली जाते. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था किमान पाच वेळांचे उद्दिष्ट सुचवते, तेव्हा हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल.

अडचण अशी, की २०० हा आकडा पंख्याच्या सर्वाधिक वेगाचा आहे आणि त्या वेगाला यंत्राचा आवाज इतका होतो, की तापाने कण्हणाऱ्या मुलाला झोप लागत नाही. रात्री आम्ही ‘स्लीप’चे बटण दाबत होतो. तिसऱ्या दिवशी माहितीपुस्तिका नीट वाचली तेव्हा लक्षात आले, की त्या वेगाला यंत्र केवळ ५० घनमीटर हवा देते, म्हणजे तासाला दीड वेळ. मी त्याच्याजवळ त्याच खोलीत झोपत होते, म्हणजे संरक्षणाची गरज सर्वांत जास्त असलेल्या तासांतच यंत्र सर्वांत कमी काम करत होते. विक्रेत्याने ही गोष्ट दुकानात सांगायला हवी होती. ज्यांना आजाऱ्याच्या खोलीसाठी यंत्र घ्यायचे असेल, त्यांनी दुप्पट क्षमतेचे घेऊन मधल्या वेगावर चालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे मला फार आवश्यक वाटते. भाद्रपद लागला तरी आमचा खिडकीतला कूलर उतरलेला नव्हता आणि उकाडा होताच पहिल्या दिवशी आम्ही तो लावला. कूलर बाहेरची हवा जोराने आत ढकलतो. ती हवा कुठून तरी बाहेर पडणारच, आणि खोलीला दुसरी खिडकी नसेल तर आजाऱ्याच्या श्वासासकट ती दारातून उरलेल्या घरात पसरते. हे ध्यानात आल्यावर आम्ही कूलर बंद केला, दार लोटून घेतले आणि झरोक्यात जुना एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. तो खोलीतली हवा थेट बाहेर टाकतो, त्यामुळे दाराच्या फटीतून हवा घरातून खोलीकडे येते, खोलीतून घराकडे जात नाही. यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत होणारे हे काम मला यंत्राइतकेच, किंबहुना थोडे अधिक मोलाचे वाटले.

यंत्र आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी गणपती बसले आणि त्याच रात्री यजमानांना ताप आला. त्याचा दोष मी यंत्राला देणार नाही. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि रोगी ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून संसर्ग देऊ शकतो. यंत्र घरात येण्यापूर्वीच त्यांना लागण झालेली असणार. सासूबाईंना मात्र काहीच झाले नाही. याचे श्रेयही मी एकट्या यंत्राला देणार नाही, कारण त्यांनी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर फ्लूची लस घेतलेली होती, आणि त्या दिवसांत मी खोलीत एन-९५ मास्क लावूनच वावरत होते. नळ, बटणे, रिमोट आणि कड्या दिवसातून दोनदा पुसल्या जात होत्या, कारण कठीण पृष्ठभागावर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला येणाऱ्या नातेवाइकांना फोन करून येऊ नका म्हणावे लागले; सासूबाईंना त्याचे वाईट वाटले, पण घरात फ्लूचे दोन रुग्ण असताना माणसे जमवणे मला पटत नव्हते.

यंत्रावर आयनचे, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडण्याचे, एक बटण आहे आणि त्याने विषाणू मरतात असे दुकानात सांगितले गेले. अशा काही उपकरणांतून ओझोन वायू निघू शकतो आणि तो श्वासनलिकेला त्रासदायक असतो, म्हणून खोकणाऱ्या मुलाजवळ आम्ही ते बंदच ठेवले. त्या बटणासाठी कोणी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

यंत्राला मी पाचपैकी तीन गुण देते. ज्या खोलीला बाहेर उघडणारी मोठी खिडकी नाही आणि एक्झॉस्ट फॅन बसवण्याची सोयही नाही, तेथे ते निश्चित घ्यावे. बदलण्याची गाळणी सुमारे दोन हजारांना पडते आणि दुकानात ती आधी मागवावी लागते, त्यामुळे यंत्र घेतानाच एक जास्तीची गाळणी मागून ठेवावी.