परभणीचा उन्हाळा, रीफ टँक आणि चिलर : पूर्ण सीझन वापरून झाल्यावर

1/10 एचपीचा चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं मशीन, मार्चमध्ये घेतला, आता सप्टेंबर संपत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. रीफ टँक म्हणजे समुद्री मासे आणि कोरलची खाऱ्या पाण्याची टाकी. माझ्या टँकमध्ये साधारण 200 लिटर पाणी, खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी), वर एलईडी, आत क्लाउन माशांची जोडी आणि कोरल सगळे सॉफ्टच, म्हणजे झोआ, मशरूम आणि एक मोठा लेदर. आपल्या समुद्रातले कठीण कोरल वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकला, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, त्या भानगडीत पडायचंच नाही. गाव परभणी. जगात जर्मनी अन् भारतात परभणी काय उगंच म्हणत नाहीत, मे मध्ये 43 च्या पुढं गेलं की दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं.

तर पहिली गोष्ट, ज्या मे महिन्याच्या भीतीनं चिलर घेतला त्या मे मध्ये त्याला कामच लई कमी पडलं. सम्पवर आणि टँकच्या तोंडाला तिरके लावलेले कॉम्प्युटरचे 12 व्होल्टचे चार फॅन, झाकणाच्या जागी जाळी, बस. रूममध्ये 36-37 असताना पाणी 27 च्या खाली राहायचं. आपली हवा कोरडी ठणठणीत असते, त्यामुळं हे निव्वळ माठाचं गणित आहे. 1 लिटर पाणी वाफ होऊन गेलं की 200 लिटरच्या टँकमधून जवळजवळ 3 डिग्रीची उष्णता घेऊन जातं. त्याउलट 1 लिटरची गोठवलेली बाटली सम्पमध्ये टाकली तर जेमतेम अर्धा डिग्री उतरतं. लोक फ्रीजर भरून बाटल्या करत बसतात आणि दहा वॅटच्या फॅनवर विश्वास ठेवत नाहीत, राव.

फक्त फॅन फुकट काम करत नाही, पाणी पितो. ऐन उन्हाळ्यात दिवसाला 5-6 लिटर उडायचं. मीठ उडत नाही, ते आतच राहतं, म्हणजे 5 लिटर उडालं आणि भरलं नाही की 35 ची सॅलिनिटी (खारटपणा) 36 ला जाते. म्हणून टॉप-अप खाऱ्या पाण्यानं नाही, आरओ-डीआयच्या (क्षार काढलेल्या) पाण्यानं करायचं आणि उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप लावूनच टाकायचा. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की आरओचं वाया जाणारं पाणी बघून आईचा जीव तुटतो, आता त्याच पाण्यात फरशी पुसली जाते, बाथरूम धुतलं जातं. अजून एक, टँकच्या रूममध्ये पाण्याचा कूलर लावून दारं-खिडक्या बंद करू नका, हवा दमट झाली की फॅन नुसता फिरतो.

चिलरची खरी कमाई झाली मिरगात. चार शिंतोडे पडले, वर आभाळ दाटलेलं, अंगाला घाम चिकटलेला. बाहेर उन्हाळ्यापेक्षा सात-आठ डिग्री कमी आणि टँक मात्र 29.5 ला, कारण हवेत आधीच ओल, पाणी उडणार कुठं. लेदरनं पॉलिप (अंगावरची फुलासारखी तोंडं) आत ओढून घेतले, अंगावर मेणचट पापुद्रा आला, क्लाउन सम्पमधून परत येणाऱ्या पाण्याच्या धारेपाशी वर येऊन भराभर कल्ले हलवायलेले, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मग चिलर 26 ला सेट केला, सुरू-बंद होण्यात 1 डिग्रीचा फरक ठेवला. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी जागेवर आलं, लेदर उघडायला मात्र आठवडा घेतला. तिथून पुढं जुलै-ऑगस्टभर तो रोज निम्मा दिवस तरी चालला, म्हणजे दोन-अडीच युनिट. परवडतं.

चिलर टँकच्या कपाटात ठेवायचा विचार करत असाल तर सोडून द्या. पाण्यातली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची स्वतःची, दोन्ही तो बाहेर फेकतो, बंद कपाटात तीच परत पाण्यात येते. माझा पॅसेजमध्ये आहे, भिंतीतून पाइप, पाइपवर एसीचा काळा फोम. आपल्याकडं धूळ इतकी की मागची जाळी पंधरा दिवसांत गच्च, ब्रश मारला नाही की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर घ्याच. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) आणि एअर पंप ठेवतो, चिलरनं सुरू होताना जो झटका घेतला त्यात माझा छोटा इन्व्हर्टर ट्रिप झाला.

सर्व्हिसच्या नावानं बोंब आहे. कंपनीवाले म्हणायलेत मशीन पुण्याला पाठवा. गल्लीतल्या फ्रिजवाल्या मामांना दाखवला तर म्हणाले, "एवढे तीस हजार कशाला घातले? जुन्या फ्रिजची कॉइल पाण्यात सोडून देतो की, चार हजारात." मामांचा हात चांगला आहे, पण ती कॉइल तांब्याची असू शकते आणि तांबं खाऱ्या पाण्यात उतरलं की कोरल, गोगलगाई, कोळंबी सगळं साफ. चिलरमध्ये टायटॅनियम असतं ते त्याचसाठी.

लाइटची वेळ मी दुपारी 4 ते रात्री 11 केलीय, भर दुपारी त्याची जास्तीची गरमी नको. आता ऑक्टोबरात हवा कोरडी पडली की परत फॅनवर येणार आणि चिलर बंद करताना त्यातलं पाणी पूर्ण काढून, साध्या पाण्यानं धुवून ठेवणार, आत तुंबलेलं खारं पाणी सडतं आणि पुढच्या वर्षी तोच कुजका वास सरळ टँकमध्ये येतो.