सात फाशांचा सेट – आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले हा सेट घेऊन, रोल-प्लेइंग गेमचं (एकेक पात्र घेऊन, फासे टाकत टेबलाभोवती खेळायचा खेळ) आठवड्याला एक तरी सेशन होतंच, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. अ‍ॅक्रिलिकचा नेहमीचा सेट आहे, म्हणजे 4, 6, 8, 10, 12, 20 बाजूंचा एकेक आणि टक्केवारीसाठी 00 ते 90 छापलेला अजून एक दहावाला.

आधी तक्रारी. डी20, म्हणजे 20 बाजूंचा फासा (डी4, डी6 वगैरेही तसेच), त्याच्यावरची शाई उडालीये, 1 आणि 7 लांबून सारखेच दिसतात, मग नेमकं महत्त्वाचं दान असलं की सगळे टेबलावर डोकं घालून वाचत बसतात. डी4 ला तर फासा म्हणवत नाही, टाकला की गडगडायचं नाव नाही, धप्पकन बसतो, आणि जमिनीवर पडला की टोक वर करून कुणाच्या तरी पायाची वाट बघतो. 6 आणि 9 खाली रेघ दिलीये, तेवढं बरं केलंय.

पहिल्या दोन महिन्यांत माझी पक्की खात्री झाली होती की डी20 मध्येच खोट आहे. एका सेशनमध्ये वीस वेळा टाकला, एकदाही 20 नाही, मी चिडून फासा डब्यात कोंडून ठेवला! नंतर शांत डोक्याने हिशोब केला, एका वेळी 20 न पडण्याची शक्यता 95 टक्के, ती स्वतःशी वीस वेळा गुणली तर जवळजवळ 36 टक्के उरते, म्हणजे साधारण तीनातलं एक सेशन असंच कोरडं जाणार. तरी मन मानेना म्हणून मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला (अ‍ॅक्रिलिक तरंगायला मीठ बेसुमार लागतं, मूठभर घालून काही होत नाही), टिचकी मारून फिरवला तर दरवेळी वेगळा आकडा वर. मग वहीत 600 दानं लिहिली. प्रत्येक आकडा सरासरी 30 वेळा यायला हवा, 20 आला 27 वेळा, 1 आला 34 वेळा, 17 मात्र 41 वेळा. पाच-सहाचा फरक तर चालायचाच, आणि वीस आकड्यांत एखादा दहा-अकराने घसरला तरी त्यात नवल नाही. फासा निर्दोष. मला फक्त वाईट दानंच लक्षात राहत होती.

वहीमुळे अजून एक खोड गेली. डी6 चार वेळा टाकला तर एकदा तरी 6 पडायची शक्यता मी चार षष्ठांश, म्हणजे 67 टक्के धरायचो, खरी आहे 51.8. दोन डी6 वर 24 वेळांत जोडीने 6-6 पडायची शक्यता तर 49.1, निम्म्याहून कमी. हाच 24 चा घोळ 1654 च्या पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात आहे, शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाला पडलेला, तेव्हा मी एकटा नाही.

डी12 अजूनही पडून असतो. त्याच्याऐवजी दोन डी6 टाकले की काय बिघडतं असं एकाने विचारलं, तर बिघडतं ना, 1 कधीच येत नाही आणि 7 येतो 36 पैकी 6 वेळा, 12 फक्त एकदा.

सेटमध्ये डी6 एकच येतो ही खरी गोची. खेळातलं आपलं कॅरेक्टर (पात्र) बनवताना चार डी6 टाकून सगळ्यात लहान वगळायचा असतो, तिथे एकच फासा चार वेळा टाकत बसावं लागतं. चार सुटे मागवलेत, डी4 मात्र आता दुसरा घेणार नाही.